लॅक्स्टनचं शिवार बघायला कोणी गेलंय का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टन गावी बाबांना न्यायचंय. तिथली तीन मोठी शिवारं अजून मध्ययुगीन पद्धतीने कसतात: एकात गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पडीक, आणि दरवर्षी पाळी बदलते. नोव्हेंबरअखेर गावचे पंच गव्हाच्या शिवारात फिरून हद्दीच्या खुंट्या ठोकतात. कोणी नांगर वाटेत किंवा सामाईक गवतात घातला असेल तर दंड! आमच्याकडे बांध कोरला की थेट तहसील कचेरी, त्यामुळे बाबा हे ऐकूनच खूश आहेत. गावाचा १६३५चा नकाशा पाहिला, पण त्यावरून आजच्या पायवाटा काय कळणार? गावातून मिल फील्डला (त्या तीन शिवारांपैकी एक) चालत किती वेळ लागतो? बाबांचे गुडघे दुखतात. हिवाळ्यात चिखल फार असतो का?