प्रतिसाद: पिंपरी कॅम्प आणि बहात्तरचा दुष्काळ

फाळणीनंतर पुण्याजवळ पिंपरीच्या निर्वासित कॅम्पात आलेले सिंधी रिकाम्या हातांनी येऊन वर आले, मग १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्याकडे आलेले का नाही, असा प्रश्न एकाने विचारलाय. ही तुलना मला अन्यायाची वाटते. फाळणीत सिंधी कुटुंबांचे हाल झालेच, पण त्यांना कॅम्पात बराकी मिळाल्या, १९५४च्या विस्थापितांसाठीच्या कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईचा हक्क मिळाला. अनेकांच्या घरात व्यापाराची सवयही होती.

दुष्काळातून आलेल्यांपैकी कितीतरी जण भूमिहीन. भरपाई मागणार कशाची? त्यातल्या अनेक दलित बायांच्या वाट्याला कचरा आला. कुंडीत उघड्या हातांनी काच, पत्रा, पुठ्ठा निवडायचा, भंगारवाला म्हणेल तो भाव घ्यायचा, वर चोरीचा संशय. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, त्यानंतर कुठे पुणे महापालिकेने मान्य केलेलं ओळखपत्र त्यांच्या हातात आलं.