जप्ती वाढली म्हणजे सीमा सुरक्षित झाली का?

आकडेवेडी
नमस्कार मंडळी. सरकारी यंत्रणांचे कामगिरी अहवाल वाचायचे आणि त्यावर टिपण लिहायचं, हे सध्या माझं शिकाऊ काम. या आठवड्यात एका देशाच्या सीमा यंत्रणेचा वार्षिक अहवाल पुढ्यात आलाय. देश कुठला ते सोडा. जप्ती वाढल्या, रांगेचं उद्दिष्ट गाठलं, इतक्या जणांना परत पाठवलं, आणि खाली ठसठशीत वाक्य: "यावरून जोखीम व्यवस्थापन परिणामकारक असल्याचे दिसून येते."

माझं घोडं इथेच अडलंय. जप्ती वाढली म्हणजे पकडणारे हुशार झाले, की माल जास्त यायला लागला? आणि घटली असती तर "धाक बसला" असं लिहिलं असतं ना! आकडा वर जावो नाहीतर खाली, शाबासकी ठरलेलीच. जे पकडलंच नाही ते मोजायचं कसं? तिथे काम केलेलं कोणी असेल तर सांगा. "जोखीम म्हणजे शक्यता गुणिले परिणाम" हे सूत्र मला पाठ आहे, ते नको.

मागचा_बाक
शंका रास्त आहे. बेल्जियमच्या अँटवर्प बंदराचंच बघा. कोकेनची जप्ती २०२३ मध्ये शंभर टनांच्या वर होती, २०२४ मध्ये त्याच्या निम्म्याहूनही कमी. तस्करी घटली, माल दुसऱ्या बंदराकडे वळला, की लपवायची रीत बदलली? नुसत्या वजनावरून यातलं काहीच ठरत नाही. बाकी जाणकार बोलतील.

सील_तोड्या
एकवीस वर्षं कस्टम्समध्ये काढली, त्यातली शेवटची आठ टार्गेटिंगच्या, म्हणजे कुठला माल तपासायचा ते ठरवणाऱ्या टेबलावर. कुठल्या ते विचारू नका.

ताई, अहवालात एकच गोष्ट शोधा: रँडम तपासण्या, म्हणजे संशय नसताना चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडलेल्या, किती झाल्या आणि त्यांत काय सापडलं. तो आकडा नसेल तर बाकीची पानं रंगीत चित्रं म्हणून बघा.

का ते सांगतो. कंटेनर बंदराला लागायच्या आधीच त्याचे कागद आमच्या टेबलावर असतात. पाठवणारा नवा आहे का, वजन आणि वर्णन जुळतं का, स्वस्तातला माल एवढ्या वाकड्या वाटेनं का आलाय, असं बघत प्रणाली गुण देते. गुण जास्त तो बाजूला, कमी तो हिरव्या रांगेतून थेट बाहेर. आता समजा, बाजूला काढलेल्या शंभरांत आठ गडबडीचे निघाले. हे चांगलं की वाईट? सांगताच येत नाही. डोळे मिटून उचललेल्या शंभरांत दोनच निघाले, तर आमचं टेबल चौपट कामाचं. डोळे मिटूनही आठच निघाले, तर आम्हाला घरी पाठवा आणि फासे टाका.

एक अनुभव सांगतो. एकदा रँडममध्ये फरशांचा कंटेनर आला. पाठवणारी कंपनी बारा वर्षांची, एक डाग नाही. मी वैतागलो, अर्धा दिवस फुकट जाणार म्हणून. सीलचा नंबर कागदाशी जुळला, सीलही शाबूत. पण माझ्यासोबतच्या पोरीनं दाराच्या कडीवर टॉर्च धरला आणि तो हलवेचना. कडीचा एक रिव्हेट बाकीच्यांपेक्षा नवा होता, त्यावरचा रंग किंचित चकचकीत. कोणीतरी वाटेत रिव्हेट काढून, सीलला हात न लावता दार उघडलं होतं. आत फरशा व्यवस्थित, आणि दाराला लागूनच दोन काळ्या बॅगा. त्यांत जे असायचं तेच होतं.

कंपनीला पत्ताही नव्हता. तिचं नाव स्वच्छ, म्हणूनच तर तिचा डबा निवडला होता! कुणाला हिरवा कंदील मिळतो हे पलीकडच्यांनी बरोबर हेरलं होतं. गुणांच्या हिशेबात तो डबा सात जन्मांत वर आला नसता. पुढे "डबा वाटेतल्या बंदरात किती दिवस पडून होता" हा निकष नव्यानं घातला गेला, तो या एका रँडम तपासणीमुळे.

फक्त ओळखीच्या वासावर माग काढत राहिलं की नवा वास कळत नाही. ग्रीसनं २०२० च्या उन्हाळ्यात सीमेवर कोविड चाचणी कोणाची करायची हे ठरवायला 'एव्हा' नावाची प्रणाली चालवली. प्रवेशाची ठिकाणं ४०, प्रवासी भरमसाट, चाचण्या मोजक्या. त्या प्रणालीची खुबी अशी, की ज्या गटांबद्दल माहिती तुटपुंजी होती त्यांच्यावरही ती मुद्दाम थोड्या चाचण्या खर्च करायची. नुसत्या रँडम चाचण्यांपेक्षा लक्षणं नसलेले बाधित १.८५ पट सापडले, असा अंदाज २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. 'पट' म्हणायला समोर दुसरा आकडा होता, हे लक्षात घ्या.

आणखी एक. "३०० रँडम तपासण्या, एकही गुन्हा नाही" असं लिहिलेलं दिसलं तर लगेच टाळ्या नकोत. तीनला तपासण्यांच्या संख्येनं भागायचं. ३०० मध्ये शून्य सापडले तरी खरी गळती १ टक्क्यापर्यंत असू शकते, ९५ टक्के खात्रीनं एवढंच म्हणता येतं. लाखो डब्यांचा १ टक्का किती होतो ते तुम्हीच बघा.

गोदी_ते_गोदाम
काका, तुमचं ऐकायला छान वाटतं. पण त्या रँडमचा भुर्दंड आमच्यासारख्या क्लिअरिंग एजंटच्या, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्याच्या, ग्राहकाला पडतो. डबा अडकला की भाडं चालू.

आणि रँडम म्हणजे तरी काय? मी डोळ्यांनी पाहिलंय. यंत्रानं निवडलेला डबा थप्पीत सगळ्यात खाली, वर चार डबे. क्रेनवाला नाही म्हणतो, मग शिफ्टचे साहेब शेजारचा हाताशी येईल तो डबा घेतात आणि कागदावर "निवड बदलली" एवढंच. कधीकधी तेवढंही नाही. खालच्या थरातले डबे कोणी उघडतच नसेल तर हुशार माणूस माल कुठे ठेवेल?

सील_तोड्या
खरं आहे. पावसात मीही एकदा शेजारचा डबा उघडलाय, खोटं कशाला बोलू. म्हणून ताई, दुसरा प्रश्न हा लिहा: रँडम निवडलेल्यांपैकी प्रत्यक्षात किती उघडले, किती बदलले.

भाड्याबद्दल तुमच्याशी वाद नाही. सगळंच उघडायला गेलं तर गळतीही शून्य आणि व्यापारही शून्य. अमेरिकेनं २००७ मध्ये कायदाच केला, की तिकडे येणारा प्रत्येक कंटेनर परदेशी बंदरातच स्कॅन व्हावा, मुदत जुलै २०१२. मुदत आली, वाढवली, पुन्हा वाढवली.

सहावं_इंद्रिय
तुम्ही सगळे यंत्रात अडकलात. डिसेंबर १९९९ आठवा. अहमद रेसम गाडीत स्फोटकं घेऊन कॅनडातल्या व्हिक्टोरियाहून फेरीबोटीनं निघाला. बोटीत चढायच्या आधी त्याचा खोट्या नावाचा पासपोर्ट तपासला गेला, नोंदींत काही निघालं नाही. पलीकडे अमेरिकेतल्या पोर्ट एंजेलिसला उतरल्यावर एका अधिकारी बाईंना त्याची चुळबुळ खटकली, तिथे तो सापडला. ही नजर कुठल्या तक्त्यात बसवणार?

सील_तोड्या
नजरेला मी नाही म्हणत नाही, रिव्हेट नजरेलाच दिसला होता. पण चुळबुळ करणारा प्रत्येक जण रेसम नसतो. कोणी विमानाला घाबरलेला असतो, कोणाला लघवीला लागलेली असते. अधिकाऱ्यानं संशयावरून बाजूला घेतलेल्या आणि काहीच न सापडता सोडलेल्यांची नोंद ठेवली, तर नजरही मोजता येते. बहुतेकांना ती नोंद नकोच असते, कारण वर्षअखेरीस आपली 'नजर' किती चुकते ते छापील दिसतं. कोणत्या चेहऱ्यामोहऱ्याची माणसं पुन्हा पुन्हा अडवली जातात, तेही दिसतं.

रांगेचं मात्र सोपं आहे, घड्याळ लावलं की झालं. कॅनडानं जमिनीवरच्या नाक्यांसाठी सोमवार ते गुरुवार १० मिनिटं, शुक्रवार ते रविवार आणि सुट्टीच्या दिवशी २० मिनिटं असा मापदंड ठेवलाय, आणि ९५ टक्के वेळा तो पाळायचा. चांगली गोष्ट आहे. फक्त रांग पुढे सरकते म्हणजे तपासणी नीट होते, असा अर्थ कोणी काढू नये.

आकडेवेडी
काका, आत्ता परिशिष्ट पुन्हा चाळलं. रँडम तपासण्यांची संख्या आहे, महिनावार आहे. त्यांत काय सापडलं हा रकानाच नाही. संशयावरून केलेल्या तपासण्यांना मात्र तो आहे.

सील_तोड्या
मग पत्रात एवढंच विचारा: निकालाची नोंद होतच नाही, की होते पण छापत नाही? होत नसेल तर ते वर्षभर आंधळेपणानं डबे उघडतायत. होत असेल, तर दोन्ही रकाने शेजारीशेजारी मागवून घ्या. आणि निवड बदलल्याची यादीही, ती विसरू नका.