मदत हवी आहे: ऊसतोड बायकांच्या सर्व्हेत जात, स्थलांतर आणि एकटेपण एकत्र कसं मांडू?

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेत काम करते. हंगाम संपून टोळ्या गावी परतल्यात, आमचा आरोग्य सर्व्हे चालू आहे. साधारण ३०० फॉर्म हातात आहेत. अडचण तक्त्यांची आहे.

२०१९ मध्ये ऊसतोड बायकांची गर्भपिशवी काढण्याचा विषय गाजला. सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झाल्याचं निघालं. आकडा मोठा, पण त्यातली कोण कुठे अडकली ते त्यातून कळत नाही. आमचंही तेच होतंय. एक तक्ता जातीचा, एक वयाचा, एक शिक्षणाचा. आणि बाई तिन्हींच्या मधून निसटते!

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे मुकादमाकडून (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून) घेतलेली आगाऊ रक्कम, बहुतेक नवऱ्याच्या नावावर. पाळीत पोट दुखलं म्हणून ती घरी बसली तर खाडा, म्हणजे गैरहजेरीची कपात, दोघांची. फडात ना संडास ना आडोसा. मग अंगावरून पांढरं जायला लागलं की ती खासगी दवाखाना गाठते. नवरा नसलेलीला तर अर्धा कोयता म्हणून कुणाच्या तरी जोडीला लागावं लागतं. यात जात, बाईपण, कर्ज वेगळं काढायचं कसं?

१९८९ मध्ये अमेरिकन कायदेतज्ज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांनी 'इंटरसेक्शनॅलिटी' (एकाच बाईवर अनेक भेद एकत्र कसे येतात ते पाहणं) हा शब्द मांडला तो अशाच पेचातून, हे वाचलंय. पण ३०० फॉर्म जात, वय, जोडीदार असे फोडले की एकेका खणात चार-पाच बायका उरतात. सर म्हणतात, "एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही." खरंय त्यांचं, पण मग करू काय?

---

प्रतिसाद: ताई, सगळं फोडू नका. तुम्हीच वर दोन गट सांगितलेत: जोडीचा कोयता आणि अर्धा कोयता. तिसरा माझ्याकडून: गावातच राहिलेल्या. तक्ते एवढ्यावरच करा. जातीसाठी प्रत्येक गटातल्या पाच-सहा जणींशी निवांत बोला, मुकादम किंवा नवरा आसपास नसताना. खण लहान पडले तर टक्के देऊ नका, नुसती संख्या लिहा. फॉर्मवर 'खाडा कुणाच्या हिशेबातून कापला' हा प्रश्न आहे का?

धागाकर्ती: नाही हो! 'उचल किती' एवढंच विचारलंय. उरलेल्या दोन तांड्यांवर सोमवारी जातोय, तोवर घालते. आधीच्या ३०० जणींकडे परत जायचं का, हे मात्र सांगा.