मदत हवी आहे : पणजोबांचा क्रिस्टल सेट आणि १९२७ मधली रेडिओची संध्याकाळ

नमस्कार मंडळी,
गिरगावातलं आमचं जुनं बिऱ्हाड आवरताना माळ्यावर पणजोबांचा क्रिस्टल सेट, म्हणजे खनिजाच्या खड्यावर चालणारा जुना साधा रेडिओ, सापडला. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं, त्याच सुमारास त्यांनी तो घेतला होता. ट्रान्समीटर जेमतेम दीड किलोवॉटचा, पण गिरगावात ऐकू यायचं. बॅटरी नाही, वीज नाही. गॅलिना या शिशाच्या खनिजाच्या खड्यावर बारीक तारेचं टोक टेकवत नेमकी जागा शोधायची, बस्स! आजी सांगायची, आवाज घुमून सगळ्यांना ऐकू यावा म्हणून संध्याकाळी हेडफोन पितळी परातीत ठेवायचे आणि सगळे परातीभोवती श्वास रोखून बसायचे.

खडा शाबूत आहे. पुठ्ठ्याच्या नळीवरची कॉइल मात्र दोन ठिकाणी तुटलीय आणि हेडफोनचा एक कान गेलाय. हेडफोनच्या आत '२००० ओहम' लिहिलंय, म्हणजे विजेला रोध खूप जास्त; हल्लीचे कमी रोधाचे हेडफोन त्याला चालत नाहीत. सुती आवरणाची तांब्याची तार आणि असे जुने हेडफोन मुंबई-पुण्यात कुठे मिळतील? दुरुस्त करणारं कुणी जाणकार माहीत आहे का? नवे भाग घालून नुसतं चालू करून देणारा नको, मूळ वस्तू जपणारा हवा.

आणखी एक. 'इंडियन रेडिओ टाइम्स' या तेव्हाच्या रेडिओ कार्यक्रमांच्या नियतकालिकाचे १९२७ ते १९३० मधले अंक कुणाकडे किंवा एखाद्या ग्रंथालयात आहेत का? त्या परातीतून नेमकं काय ऐकू यायचं, हे मला आईला वाचून दाखवायचंय. ती आता ८१ वर्षांची आहे.