सिलिअ‍ॅक आहे, ठाण्यात तीन दिवस फिरायचं आहे. बाहेर काय खाऊ?

वाशिष्ठीकाठचा

नमस्कार मंडळी. मी चिपळूणचा, वय ५४. गेल्या वर्षी सात किलो वजन उतरलं, हिमोग्लोबिन आठवर आलं. लोहाच्या गोळ्या खाऊनही ते ढिम्म हलेना. शेवटी रक्ताची टीटीजी तपासणी झाली, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढला आणि निदान झालं. सिलिअ‍ॅक, म्हणजे गहू, जव, राय यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन आतड्याची नासाडी करतं, म्हणून ही तिन्ही आयुष्यभर बंद. घरी काही अडत नाही. भात, घावणे, आंबोळी, तांदळाची भाकरी यांवरच वाढलेला माणूस मी. बायको म्हणते, "अहो, हे पथ्य कसलं, तुम्हाला परत आईच्या हाताखाली पाठवलंय."

अडतं ते बाहेर पडल्यावर. १९९२ ते ९८ मी वागळे इस्टेटमध्ये नोकरीला होतो, नौपाड्यात चौघांत एक खोली. पगाराच्या दिवशी मामलेदारची मिसळ, मग तलावपाळीला एक चक्कर. ते ठाणं बायकोला दाखवायचं तीस वर्षं चाललंय. आता मांडवी एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय. तीन दिवस लॉजवर राहणार, एक नाटक, एक संध्याकाळ उपवनला.

भीती वाटायला कारण आहे. मार्चमध्ये एका शहरात (गाव आणि हॉटेल सांगत नाही) ज्वारीची भाकरी मागवली. "गहू नाही ना यात?" "नाही साहेब, शंभर टक्के ज्वारी." अर्धी खाऊन झाल्यावर हात धुवायला गेलो तर मुदपाकखान्याचं दार उघडं. बाई त्याच परातीत भाकरी थापत होती आणि हाताला चिकटू नये म्हणून शेजारच्या ढिगातलं पोळीचं पीठ घेत होती. भाकरी ज्वारीचीच होती, खोटं कोणीच बोललं नव्हतं. पुढचे दोन दिवस मी त्या शहरातलं फक्त लॉजचं न्हाणीघर पाहिलं.

तर ठाण्यात सुखाने बसून काय खाता येईल? तिन्ही दिवस डबा नको वाटतो.

चरईतली आई

दादा, माझी लेक अकरा वर्षांची आहे, सहाव्या वर्षी निदान झालं. ठाण्यातच राहतो, म्हणून सविस्तर लिहिते.

परात दिसली म्हणून कळलं. न दिसणारी गोष्ट गिरणी. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झाला की त्याच जात्यात तुमची ज्वारी पडते. आम्ही घरघंटी घेतली ती याचसाठी. हॉटेलची भाकरी म्हणून आम्ही कुठेच खात नाही, तांदळाचीसुद्धा नाही.

दुसरा चोर हिंग. डबीतला हिंग निव्वळ नसतो, पीठ आणि डिंक घालून बांधलेला असतो, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं. डबीवरची घटकांची यादी वाचा, तांदळाच्या पिठातलाही मिळतो. पण हॉटेलात डबी कोण दाखवणार? म्हणजे सांबार, आमटी, बटाटेवडा, शेव सगळं संशयित. मिसळीत तर फरसाण, त्यात मैद्याची पापडी असू शकते. तुमचा जीव अडकलाय माहीत आहे, पण सोडा.

आमचं बाहेरचं खाणं म्हणजे उडप्याकडची साधी इडली. वाफेवरची असते, तव्याशी संबंध नाही. रवा इडली नको आणि डोसाही नको, कारण त्याच तव्यावर रवा डोसा होतो. ओल्या खोबऱ्याची चटणी फोडणी न घालता मागायची. सकाळी आठच्या आत गेलं तर आचारी ऐकून घेतो, साडेनऊला कोणी उभं करत नाही.

सीवूडचा प्रवासी

माझी युक्ती: ग्लुटेन हा शब्द उच्चारायचाच नाही. "कडक उपास आहे" म्हणायचं. साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, दाण्याची आमटी. उपासाला हिंग नाही, गहू नाही. आपल्याकडे उपास म्हटलं की आचारी भांडंसुद्धा वेगळं काढतो.

चरईतली आई

खिचडी ठीक, पण साबुदाणा वडा समोशाच्या तेलात तळतात हो! उपास मोडला तर देव माफ करतो, म्हणून "थोडं चालतं" हेही त्यातच येतं. मी सरळ सांगते, "गव्हाचा कण गेला तर मुलगी आजारी पडते." आजार म्हटलं की निदान एकदा तरी आत जाऊन विचारून येतात.

वाशीतला पोळीभाजीवाला

मी स्वतः पोळीभाजी केंद्र चालवतो, म्हणून आतलं सांगतो. सकाळी सहा ते अकरा चारशे पोळ्या लाटल्या जातात. पीठ हवेत असतं, माझ्या भुवयांवर असतं. तुम्ही माझ्याकडे आलात तर मी चहा पाजून परत पाठवीन. "आमच्याकडे ग्लुटेन फ्री मिळतं" असं पोळ्या लाटणारा कोणी म्हणाला तर विश्वास ठेवू नका.

मालवणी हॉटेलात जाणार असाल तर मासळीला रवा लावतात हे लक्षात ठेवा. "तांदळाच्या पिठात तळा" म्हणू नका, ते पीठही गिरणीचंच. नुसतं मीठ, हळद, लाल तिखट लावून, धुतलेल्या वेगळ्या तव्यावर, नव्या तेलात. सोबत पांढरा भात. दुपारी बाराला, गर्दीच्या आधी. कोंबडीवडे नको, वड्याच्या पिठात बरेच जण गहू घालतात. चायनीजच्या वाटेला जाऊ नका, सोया सॉसमध्ये गहू असतो. पंजाबी ग्रेव्ही दाट करायला मैदा घालणारे मी पाहिलेत.

घणसोली_९

मलाही गहू सोडल्यापासून हलकं वाटतं. डॉक्टरकडे गेलो नाही. लग्नात एखादी पुरी खातो, काही होत नाही. एवढं घाबरायचं कारण नाही.

चरईतली आई

तुम्हाला सिलिअ‍ॅक नसेलही. पण तपासायचं असेल तर गहू खात असतानाच तपासावं लागतं, सोडल्यावर रक्तात काही सापडेलच असं नाही. आणि ज्याला आहे त्याला पोट दुखलं नाही तरी आतून आतड्याची नासाडी होतच असते. दादांना एखादी पुरी सांगू नका.

दादा, पाकिटातलं घ्यायचं तर "ग्लुटेन फ्री" छापलेलंच बघा. एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या) नियमाने त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. आणि एक छोटा विजेचा कुकर बॅगेत टाका. लॉजवाल्याला आधी विचारा मात्र, काही ठिकाणी खोलीत चालू देत नाहीत.

वाशिष्ठीकाठचा

काल परत आलो. कुकरला लॉजवाल्याने आधी नाक मुरडलं, बायकोने पथ्याचं सांगितल्यावर "भाताचा वास बाहेर येऊ देऊ नका" म्हणाला. रात्री दोन्ही दिवस भात, दही, घरचं लोणचं.

सकाळी पावणेआठला इडली. आचाऱ्याला विचारलं, त्याने चटणीच्या पातेल्यातून फोडणी पडायच्या आधीच वाटीभर काढून दिली. दुसऱ्या दिवशी मला बघून स्वतःच काढून ठेवली होती.

मासळीचा बेत एका ठिकाणी फसला. "वेगळा तवा नाही" असं मालकाने तोंडावर सांगितलं. राग नाही आला, उलट हायसं वाटलं. दुसऱ्या ठिकाणी पोरगा तवा धुऊन, पालथा करून दाखवायला टेबलापर्यंत घेऊन आला. तीन तुकड्या सुरमई. पोट शांत आहे.

मामलेदारलाही गेलो. बायकोने मिसळ खाल्ली, मी समोर शहाळं घेऊन बसलो. पहिल्या घासाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मी म्हटलं, "तर्री बाजूला सार." ती पाव माझ्यापासून लांब, टेबलाच्या पार कडेला धरून खात होती. शेजारच्या माणसाला वाटलं आमचं भांडण झालंय.