शब्दचर्चा : ‘नावाला कंस होणे’

गावाकडे ‘त्याच्या नावाला कंस झालाय’ म्हटलं की त्याचा सातबाऱ्यावरचा हक्क संपला, हे वेगळं सांगावं लागत नाही. एरवी मराठीत कंसातला मजकूर म्हणजे जादा खुलासा, नाही वाचला तरी वाक्य अडत नाही. सातबाऱ्यावर मात्र कंसातला माणूस मयत तरी असतो, नाहीतर त्याने जमीन विकलेली किंवा हक्कसोड दिलेली असते. गावच्या सोसायटीचं कर्ज फिटलं की बोजालाही, म्हणजे त्या कर्जाच्या नोंदीलाही, कंस.

आमचा हाती लिहिलेला जुना उतारा समोर आहे. पणजोबांचं नाव, दोन्ही बाजूंना निळ्या शाईचे कंस, शेजारी वर्तुळात फेरफाराचा, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचा, नंबर. खाली आजोबा आणि त्यांच्या दोन बहिणी. पुढे बहिणींनाही कंस, वर्तुळात दुसरा नंबर. तो नंबर धरून फेरफाराच्या वहीत, म्हणजे नमुना सहामध्ये, गेलं की नाव का कमी झालं तेही कळतं.

2020 मध्ये महसूल विभागाने सातबाऱ्याची मांडणी बदलली. कंस गेला, कमी झालेल्या नोंदीवर आता आडवी रेष येते. इतर हक्कांच्या रकान्यात पडणारा खाते क्रमांक नावासमोर आला. जुने फेरफार नंबर वेगळ्या रकान्यात गेले आणि फेरफार प्रलंबित आहे की नाही तेही छापून येऊ लागलं. बदल चांगलाच आहे. शहरात वाढलेली आमची मुलं कंसातली नावं वाचून ‘यांचाही हिस्सा आहे ना?’ असं विचारायची. पण जुने उतारे घराघरांत आहेत, म्हणून कंसाचा हा अर्थ कुठेतरी नोंदलेला हवा असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद :
आमच्याकडे ‘नाव कमी झालं’ असंच म्हणतात, उलट ‘वारसांची नावं लागली’. कागदावर कंस असो की रेष, हा प्रयोग दोन्हीला चालतो. मग कंसाचं एवढं काय?

उत्तर :
‘कमी होणे’ बरोबरच आहे, फेरफारातही तेच लिहितात. पण ‘कंस’ बोलण्यात किती मुरलाय पाहा. आमच्या आत्याने हक्कसोडीवर सही केली, त्याला बरीच वर्षं झाली. माहेरच्या कुठल्याही व्यवहारात तिचं मत विचारलं की ती अजून म्हणते, ‘मी कंसातली, मला काय विचारता!’ इथे ‘मी कमी झालेली’ म्हणून पाहा, जमत नाही. आणि ‘नावावर रेघ मारली’ म्हणजे तर रागाने संबंध तोडल्यासारखं वाटतं. आत्याचं नाव कोणी रागाने काढलेलं नाही.

विदर्भात, कोकणात यासाठी दुसरा शब्द रूढ असेल तर जरूर लिहा. तुमच्याकडच्या जुन्या उताऱ्यांवर कंस गोल आहे की चौकोनी, तेही सांगा.