सनद (वकिलीचा परवाना) नसलेल्या ‘वकिला’ने ४०,००० रुपये घेतले, दावाही निकालात निघाला. आता काय?

प्रश्न: मावशीचा जमिनीचा दिवाणी दावा गैरहजेरीमुळे फेटाळला गेला. ‘वकील’ म्हणवणाऱ्याकडे सनदच नाही. आधी पोलीस की कोर्ट?

उत्तर १: आधी कोर्ट, आजच! ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर १६ अक्षरी सीएनआर (खटल्याचा ओळख क्रमांक) टाकून फेटाळल्याची तारीख बघा. वादी गैरहजर आणि प्रतिवादी हजर म्हणून फेटाळला असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम ९ खाली दावा पुन्हा बोर्डावर (सुनावणीला) घेण्याचा अर्ज ३० दिवसांत लागतो. मुदत उलटली असेल तर मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा. फसवणूक कधी कळली, तारखेसह लिहा. मोघम लिहिलं की अर्ज हमखास अडकतो.

उत्तर २: वकीलपत्रावरचा सनद क्रमांक (एमएएच/क्रमांक/वर्ष) महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे (वकिलांची नोंदणी करणारी संस्था) लेखी पडताळून घ्या. नोंदच नसेल तर कौन्सिलची शिस्तभंगाची कारवाई लागू होत नाही, ती सनदधारकांसाठीच असते. पण ‘नोंद नाही’ हे पत्र पोलिसांत फार कामाला येतं. ॲडव्होकेट्स ॲक्ट कलम ४५ (६ महिन्यांपर्यंत कैद) आणि भारतीय न्याय संहिता ३१८(४) (फसवणूक), ३१९(२) (तोतयेगिरी करून फसवणूक) तक्रारीत लिहा. यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲप चॅट जोडा, मूळ फोन जपा. ठाण्यात घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी, मग दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) चा (पोलिसांना तपासाचा आदेश द्या म्हणून) अर्ज.

उत्तर ३: मावशींना महिला म्हणून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० लावा. आणि मूळ सातबारा, खरेदीखत त्या माणसाकडे असेल तर तक्रारीत एकेक कागद नावानिशी नोंदवा.